जुन्या व्हीएमसीची खरेदी : पडद्यावरचे तास आणि मशीनची खरी झीज

2012 साली बनलेली, बीटी 40 टेपरची (स्पिंडलमधल्या, हत्यार बसवायच्या निमुळत्या भोकाचे हे माप) आणि फॅनक कंट्रोल (यंत्र चालवणारा संगणक) असलेली एक व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचे संगणकीय कटिंग यंत्र, आम्ही आठ महिन्यांपूर्वी जुनी यंत्रे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. मशीन कामाचे निघाले. मात्र "तास फार कमी झाले आहेत" या ज्या मुद्द्यावर ते विकले जात होते, तो मुद्दा तपासणीत टिकला नाही.

विक्रेत्याने 11,240 तास सांगितले होते आणि 6750 क्रमांकाच्या पॅरामीटरमध्येही, म्हणजे कंट्रोलमध्ये साठवलेल्या नोंदीतही, 6,74,400 मिनिटेच दिसत होती. हा आकडा कंट्रोल चालू असल्याचा वेळ दाखवतो. प्रत्यक्ष कटिंग फीडचा वेळ 6754 मध्ये साठतो. आम्ही तेही पान उघडले, तर तिथे 9,36,000 मिनिटे, म्हणजे 15,600 तास होते. मशीन जितका वेळ चालू होते त्याहून अधिक वेळ त्याने धातू कापला, हे शक्यच नाही; पहिला आकडा कधीतरी कोणीतरी बदललेला होता, हे उघड झाले. खरे तर तास अस्सल असले तरी ॲल्युमिनियमवरचे हलके काम आणि कोरड्या बिडाची धूळ यांतला फरक ते सांगत नाहीत, आणि टेबल ज्यावर सरकते ते गाईड व त्याला सरकवणारा स्क्रू खाते ती हीच धूळ. त्यामुळे तासांचा नाद सोडून आम्ही डायल (सूक्ष्म सरक मोजणारे उपकरण) हाती घेतला.

बॅकलॅश, म्हणजे दिशा उलटताना स्क्रूत जाणवणारी मोकळीक, मोजण्यापूर्वी 1851 हे पॅरामीटर पाहावे, असा माझा आग्रह आहे, कारण स्क्रूची झीज झाकण्यासाठी दिलेली भरपाई तिथेच असते. एक्स अक्षाला तिथे 22 मायक्रॉन होते, तर वाय अक्षाला फक्त 6. विक्रेत्याच्या संमतीने मूळ आकडे लिहून ठेवून आम्ही एक्सची भरपाई शून्य केली, टेबल एका दिशेने आणून डायल शून्यावर घेतला, आणखी 0.1 मिमी पुढे नेले आणि तेवढेच मागे आणले. प्रवासाच्या दोन्ही टोकांना 8 मायक्रॉनचा फरक आला. मधोमध, जिथे कामाचा तुकडा पकडणारा व्हाइस वर्षानुवर्षे बांधलेला होता, तिथे 25. मधल्या भागाला जुळवलेली एकच भरपाई टोकांना जास्त पडते आणि गोल बोअर (छिद्र) गोल राहत नाही. म्हणून एकाच जागी मोजून समाधान मानू नये.

स्पिंडलने मात्र आम्हाला आनंद दिला. टेपरमध्ये तपकिरी डाग वा ओरखडे नव्हते, टेस्ट बारवर (टेपरमध्ये बसवलेल्या अचूक दांड्यावर) तोंडाजवळ 4 आणि 300 मिमी अंतरावर 15 मायक्रॉन रनआउट (फिरताना होणारे डुगडुगणे) मिळाला, आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवत तासभर फिरवल्यावरही आवाज बदलला नाही, पुढच्या बेअरिंगजवळ हात टेकवता येत होता. टूल चेंजर ठीक होता. टेलिस्कोपिक कव्हर काढल्यावर एक्सच्या स्क्रूवरील नटाकडे जाणारी तेलाची नळी चेपलेली सापडली, आणि 25 मायक्रॉनचे कारण बहुधा तेच असावे.

विक्रेत्याने अर्धा दिवस वीजपुरवठा दिला, कव्हर काढू दिली आणि नवीन बॉलस्क्रूचा खर्च किमतीतून वजा केला, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. स्क्रू, सपोर्ट बेअरिंग आणि ती नळी बदलल्यानंतर एक्सचा बॅकलॅश संपूर्ण प्रवासात 4 मायक्रॉनच्या आत आहे आणि फिनिश बोअर मापात निघत आहेत. मात्र वायरिंगचा नकाशा "मागाहून पाठवतो" म्हणून सांगितला गेला, तो आजतागायत आलेला नाही; तिसऱ्या महिन्यात एक रिले बिघडला, तेव्हा वायर शोधण्यातच आमचे दोन दिवस गेले. पुढच्या वेळी नकाशा आणि पॅरामीटरचा बॅकअप हाती पडल्याशिवाय आम्ही पूर्ण रक्कम देणार नाही.