झाडांच्या रोपांना कंपोस्ट आणि रासायनिक खत: इंदूरमधील वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

इंदूरमधील आमच्या वसाहतीत काही मराठी कुटुंबे मिळून जांभूळ, अर्जुन, करंज, शिसव आणि चिंच यांची रोपे तयार करतात. गेल्या पावसाळ्यापासून या रोपांना आम्ही कंपोस्ट आणि रासायनिक खत जोडीने देत आहोत. माझे मत आधीच सांगते: कंपोस्टाशिवाय पिशवीतील काळी माती रोपाला धड श्वास घेऊ देत नाही, आणि नुसत्या कंपोस्टावर बहुतेक रोपांचा बुंधा लावणीच्या वेळेपर्यंत पुरेसा भरत नाही.

माळव्याची माती शेतात कितीही कसदार असली, तरी पिशवीत भरल्यावर ती ओली असताना चिकटते आणि वाळली की आक्रसून पिशवीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. शेजारच्या काकूंनी सुचवल्याप्रमाणे माती, वाळू आणि कंपोस्ट समप्रमाणात घेतल्यापासून हा त्रास जवळजवळ थांबला. इथे कंपोस्टाचे पहिले काम माती भुसभुशीत ठेवण्याचे आहे. त्यातून मिळणारे अन्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते, कारण चांगल्या कंपोस्टातही नत्र (नायट्रोजन) साधारण एक-दीड टक्काच असते आणि तेही हळूहळू मोकळे होते.

कंपोस्टाच्या बाबतीत इंदूरला मोठी परंपरा आहे. 1924 मध्ये येथे सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक काळाने ढीग उलथवून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते, आणि आमचा घरचा ढीगही त्याच रीतीने रचलेला असतो. त्या खताला पावसाच्या पहिल्या सरीनंतर येणारा मातीचा वास येतो आणि मुठीत दाबले तर त्याचा सैल गोळा होऊन बोटाने लगेच मोडतो.

ढीग अपुरा पडला तेव्हा एका विक्रेत्याकडून पिशवीबंद कंपोस्ट आणले. उघडताच त्याला अमोनियाचा उग्र दर्प आला आणि आत हात घातल्यावर ते कोमट लागले, म्हणजे कुजण्याची क्रिया अजून चालूच होती. असे कच्चे खत कुजताना मातीतील नत्र स्वतःकडे ओढू शकते आणि कोवळ्या मुळांना इजा करते. केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टाचे कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या किती पट कर्ब म्हणजे कार्बन आहे ते) 20 पेक्षा कमी असावे, असा निकष आहे. पिशवीवर तो आकडा छापलेला असला, तरी थोडे खत ओलसर करून त्यात मूग पेरून पाहावेत, असे मी आग्रहाने सांगेन. मूग नीट उगवले नाहीत, तर ते खत आणखी कुजू द्यावे.

रासायनिक खतांपैकी सिंगल सुपर फॉस्फेट पिशव्या भरण्यापूर्वीच मिसळणे योग्य. त्यातले स्फुरद (फॉस्फरस) मातीत फारसे सरकत नाही, म्हणून वरून टाकलेले मुळांपर्यंत क्वचितच पोहोचते. शिवाय आपल्या चुनखडीयुक्त मातीत ते कॅल्शियमशी बांधले जाते. आम्ही 10 लिटर मिश्रणाला 15 ग्रॅम घेतो आणि आधी ते कंपोस्टात कालवतो. नत्राचे उलटे आहे: ते पाण्याबरोबर वाहून जाते, म्हणून थोडे थोडे द्यावे लागते. रोपाला खरी पाने फुटून ती स्थिरावली की लिटरमागे 2 ग्रॅम युरिया विरघळवून पंधरवड्याने देतो आणि लगेच साध्या पाण्याने पाने धुतो. युरियात 46 टक्के नत्र असल्यामुळे मात्रा वाढवण्याचा मोह होतो, पण त्याने शेंडा उंच आणि लुसलुशीत होतो, बुंधा बारीक राहतो आणि असे रोप वाऱ्यात आडवे होते.

सर्वांत स्पष्ट फरक जांभूळ आणि अर्जुन यांच्यात दिसला. युरिया मिळालेल्या रोपांची पाने गडद झाली आणि बुंधे ठळकपणे जाडावले. करंज आणि शिसव यांना मात्र आता युरिया देत नाही. या झाडांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र बांधतात आणि आयते नत्र भरपूर मिळाले की गाठी कमी धरतात. कंपोस्ट व सुपर फॉस्फेटवर वाढलेल्या करंजाची पिशवी फाडून मुळे धुतली, तेव्हा मणी ओवावेत तशा गाठी होत्या, आणि नखाने चिरलेली गाठ आतून गुलाबी निघाली. गाठ काम करत असल्याची तीच खूण. चिंचही शेंगवर्गीयच, पण तिच्या मुळांवर अशा गाठी सहसा धरत नाहीत, म्हणून तिला नत्र लागते.

पिवळेपणा दिसला की सरसकट युरिया ओतू नये. खालची जुनी पाने पिवळी पडत असतील, तर बहुधा नत्र कमी आहे. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर लोह मिळत नाही. आमच्या बोअरच्या जड पाण्यामुळे जांभळाला हा दुसरा त्रास उन्हाळ्यात झाला, आणि हिराकसाच्या (फेरस सल्फेटच्या) 0.5 टक्के द्रावणाची संध्याकाळी केलेली फवारणी उपयोगी पडली.

लावणीच्या महिनाभर आधी आम्ही नत्र पूर्ण थांबवतो, पाणी बेताचे करतो आणि रोपे शेडनेटखालून हळूहळू उन्हात सरकवतो. कोवळी, रसरशीत रोपे थेट टेकडीवर लावली तर तग धरत नाहीत. लावणीच्या खड्ड्यात कुजलेले कंपोस्ट मातीत मिसळून घालतो. युरिया मुळांशी अजिबात टाकत नाही.