प्रकल्प नव्हे, वर्क पॅकेज निवडा: युरोपातल्या शाश्वत शेतीच्या संशोधनात कुठल्या दारातून शिरायचं?

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मला तेच मेसेज येतात. पाठवणारी मुलं-मुली राहुरी, अकोला, परभणी नाहीतर दापोलीतून बीएस्सी ॲग्री झालेली असतात आणि आता युरोपात एमएस्सीच्या शेवटच्या टप्प्यात असतात. "ताई, दोन ऑफर आहेत. एक हॉरायझनच्या मोठ्या प्रकल्पात, एक मारी क्युरीत. कुठली घेऊ?" कधी तिसरी असते, प्रिमाची. आणि एखादा असतोच, ज्याला पीएचडी नकोय, थेट शेतकऱ्यांबरोबर काम हवंय.

माझं उत्तर दर वेळी लांबतं, म्हणून एकदाच लिहून टाकते. संशोधनाला निधी देणाऱ्या या सगळ्या योजनांमध्ये पैसा पूर्ण किंवा अंशतः युरोपियन युनियनचा, विषयही साधारण तेच: कमी फवारणी, माती, पाणी, अन्नाची नासाडी, शेतापासून ताटापर्यंतची साखळी. पण सोमवारी सकाळी तुम्ही कोणाला उत्तर द्यायला बांधील असता, हे प्रत्येकीत वेगळं आहे. तुलना करायची ती त्याची.

हॉरायझन: मोठं लग्न

हॉरायझन युरोप ही २०२१ ते २०२७ ची योजना, मूळ तरतूद सुमारे ९,५५० कोटी युरोंची. त्यातला शेती, अन्न, जैवअर्थव्यवस्था आणि पर्यावरणाचा वाटा, म्हणजे क्लस्टर ६, सुमारे ८९५ कोटींचा. सहकारी प्रकल्पासाठी नियमानं किमान तीन देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था लागतात. प्रत्यक्षात पंधरा-वीस तर सहज असतात.

मोठं म्हणजे किती? आधीच्या हॉरायझन २०२० मधला 'आयओएफ २०२०' घ्या. शेतीत सेन्सर आणि इंटरनेट आणण्याचा हा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला, समन्वय नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठाचा आणि निधी ३ कोटी युरोंचा. धान्य, दूध, फळं, भाज्या, मांस अशा पाच गटांत सुरुवातीलाच १९ प्रयोग होते. अशा ठिकाणी 'मी आयओएफमध्ये होते' या वाक्याला तसा अर्थ नसतो. द्राक्षमळ्यात होतात, की गोठ्यात, की नुसत्या सर्व्हरपाशी?

याचा धडा मी स्वतः घेतलाय. माझ्या पहिल्या प्रकल्पाचं नाव घेत नाही, पण वीसहून जास्त भागीदार होते आणि माहितीपत्रकावर टोमॅटो हातात धरलेला शेतकरी होता. आमच्या संस्थेकडे काम होतं डेटा प्लॅटफॉर्मचं. अडीच वर्षं मी टोमॅटोच्या उत्पादनाचे आलेख काढले, आणि त्या काळात एकदाही टोमॅटोच्या वाफ्यात पाय ठेवला नाही. फसवलं कोणीच नव्हतं. अर्जात सगळं छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

प्रकल्पाचे तुकडे असतात, त्यांना वर्क पॅकेज म्हणतात. एक समन्वयाचं, एक प्रसार-प्रचाराचं, आणि मधली चार-पाच खऱ्या कामाची. प्रत्येकाची डिलिव्हरेबल्स, म्हणजे मुदतीत जमा करायचे अहवाल, ठरलेली: 'डी ३.२, महिना १८', म्हणजे तिसऱ्या पॅकेजचा दुसरा अहवाल अठराव्या महिन्यात जमा. तुमचं सोयाबीन त्या वर्षी गारपिटीत गेलं तरी महिना अठरा तिथेच उभा असतो. पीएचडीवाल्याची ओढाताण इथे होते. प्रबंधाला एक प्रश्न खोलवर हवा असतो, प्रकल्पाला चार प्रश्नांचे अहवाल वेळेवर. चांगला मार्गदर्शक सुरुवातीलाच डिलिव्हरेबल आणि प्रबंधाचं प्रकरण यांची सांगड घालून देतो. बाकीचे 'बघू पुढे' म्हणतात.

मग घ्यावं कशाला? कारण तुलना करायची ताकद दुसरीकडे क्वचितच मिळते. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या समन्वयाखाली २०१६ ते २०२१ मध्ये चाललेल्या 'स्ट्रेंग्थ टू फूड' मध्ये शाळेतल्या जेवणाची खरेदी कशी होते ते ब्रिटन, इटली, ग्रीस, क्रोएशिया, सर्बियात शेजारी-शेजारी ठेवून तपासलं. स्थानिक माल घेतला की कार्बन कमी, असं आपण धरूनच चालतो. तिथे दिसलं ते असं, की वाहतुकीचा वाटा तसा लहान, आणि ताटात गोमांसासारखं रवंथ करणाऱ्या जनावरांचं मांस किती वेळा येतं याचा वाटा मोठा. एका देशात, एका तालुक्यात बसून हे इतक्या ठामपणे म्हणता आलं नसतं.

पगाराचं थोडक्यात. हॉरायझनमध्ये तो यजमान देशाच्या वेतनश्रेणीनं ठरतो. जर्मनीत पीएचडीची जागा 'ई १३' श्रेणीची असली तरी बहुतेकदा पूर्ण नसते, ६५ टक्के वगैरे असते, आणि काम किती टक्के असतं ते विचारू नका. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा विद्यापीठाचा नोकर असतो आणि करार साधारण चार वर्षांचा असतो.

मारी क्युरी: विद्यार्थ्याभोवती शिवलेलं कापड

मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कही हॉरायझन युरोपचाच भाग, पण त्याची शिवण उलटी आहे. इथे प्रकल्पासाठी विद्यार्थी नेमत नाहीत, विद्यार्थ्यांसाठी प्रकल्प उभा करतात. दहा-बारा संशोधक एकाच वेळी वेगवेगळ्या देशांत नेमले जातात, त्यांची एकत्र प्रशिक्षणं होतात, आणि कराराच्या एक तृतीयांश काळापर्यंत दुसऱ्या संस्थेत किंवा कंपनीत जाऊन काम करता येतं.

पैसे बरे आहेत, पण आकडा वाचताना डोळे उघडे ठेवा. २०२१ ते २०२४ च्या कॉलमध्ये, म्हणजे अर्ज मागवण्याच्या फेऱ्यांत, राहणीमान भत्ता दरमहा ३,४०० युरो होता, पुढे तो वाढला. त्याला देशानुसार गुणक लागतो, आणि त्यात मालकानं भरायचा सामाजिक विम्याचा हिस्साही धरलेला असतो. हातात पडणारी रक्कम त्यापेक्षा बरीच कमी. घरी फोनवर ३,४०० सांगून मोकळे होऊ नका.

दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. पहिली म्हणजे करार साधारण ३६ महिन्यांचा. पीएचडी चार वर्षांची आणि पैसे तीन वर्षांचे, मग चौथं कोण देणार? हा प्रश्न मुलाखतीतच विचारा. उत्तर लेखी मिळालं तर उत्तम.

दुसरी अडचण शेतीवाल्यांचीच आहे, संगणकवाल्यांना ती कळत नाही. ३६ महिने म्हणजे जास्तीत जास्त तीन हंगाम. युरोपातला हिवाळी गहू ऑक्टोबरच्या सुमारास पेरतात. तुमचा करार डिसेंबरात सुरू झाला तर पहिला हंगाम दुसऱ्याच्या पेरणीवर काढायचा किंवा सोडून द्यायचा. त्यात कोणी आखणी करताना तुमचं दुसऱ्या देशातलं वास्तव्य मे-जूनमध्ये टाकलं, तर पीक शेतात उभं आणि तुम्ही बार्सिलोनात. हे कागदावर कोणाच्याच लक्षात येत नाही. दोन-तीन नेटवर्कांत हे पाहिलंय.

आणि एक नियम, ज्यानं आपली बरीच मुलं अडतात. नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. शिक्षणासाठी राहिलात तरी ते धरलं जातं. वागेनिंगेनला दोन वर्षांची एमएस्सी केलेल्याला नेदरलँड्समधली मारी क्युरी जागा त्यामुळे लगेच मिळत नाही. जर्मनी, स्पेन, डेन्मार्क मोकळं. अर्ज करण्याआधी पासपोर्टवरचे शिक्के काढून मोजा.

प्रिमा: सोलापूरच्या माणसाला ओळखीचं वाटेल असं

भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांची ही भागीदारी २०१८ मध्ये सुरू झाली. सुरुवातीचे देश १९, निधी ४९.४ कोटी युरो, त्यातले २२ कोटी युनियनचे आणि बाकीचे सहभागी देशांचे. कार्यालय बार्सिलोनात. विषय म्हणाल तर पाणी, शेतीपद्धती आणि अन्नाची साखळी. हॉरायझनच्या मानानं लहान, पण जमीन आपल्या ओळखीची: कमी पाऊस, खारावलेलं पाणी, लहान तुकडे, उन्हानं करपलेलं जून. मोरोक्को, ट्युनिशिया, इजिप्त, जॉर्डन हे इथे बरोबरीचे भागीदार आहेत. कोरडवाहूवर काम करून पुढे मराठवाड्यात परतायचं मनात असेल, तर डेन्मार्कमधल्या चकाचक हरितगृहापेक्षा मी हे घ्या म्हणेन.

एकच गोष्ट तपासा: प्रकल्प सेक्शन १ मधला की सेक्शन २ मधला. सेक्शन १ चा पैसा युनियनच्या निधीतून थेट प्रिमामार्फत येतो. सेक्शन २ मध्ये प्रत्येक देशाची संस्था आपापल्या भागीदाराला पैसे देते. त्यामुळे एका देशातलं ठिबक बसून झालं आणि दुसऱ्याचा मंजुरीचा कागद अजून टेबलावर, असं होऊ शकतं. तुमचा पगार कुठल्या देशाच्या टेबलावर आहे ते बघा. ॲग्रोइकॉलॉजी आणि फ्यूचरफूड्स या २०२४ मध्ये सुरू झालेल्या भागीदाऱ्यांच्या कॉललाही हीच काळजी लागू.

ऑपरेशनल ग्रुप: जिथे इंग्रजी बाहेर ठेवायची

२०१२ पासून चाललेल्या ईआयपी-ॲग्री या उपक्रमाखालचे ऑपरेशनल ग्रुप म्हणजे शेतकरी, सल्लागार, संशोधक, एखादा प्रक्रिया उद्योग यांचे लहान गट. पैसा हॉरायझनचा नाही, शेती धोरणातल्या ग्रामीण विकास निधीचा, आणि तो देश किंवा प्रांत वाटतो. आजवर असे ३,००० हून जास्त गट झाले आहेत. पंधरा-वीस शेतकऱ्यांना एक अडचण आहे, ती सोडवायची, एवढाच व्याप. निकाल 'प्रॅक्टिस ॲब्स्ट्रॅक्ट' म्हणून हजार-दीड हजार अक्षरांत लिहायचा, शेतकऱ्याला कळेल असा. मला विचाराल तर सगळ्यात अवघड लेखन हेच.

परदेशी माणसाला इथे दार अरुंद आहे. सभा गोठ्यात होते आणि तिथल्या बोलीत होते. माझं जर्मनचं बी-१ (मधल्या पातळीचं) प्रमाणपत्र बव्हेरियातल्या एका गोठ्यात दहा मिनिटांत निकामी झालं. समोरचे आजोबा गाईच्या खुराबद्दल काहीतरी कळकळीनं सांगत होते आणि मी नुसती मान हलवत होते. पीएचडीच्या जागाही इथे फारशा नसतात. सल्लागार व्हायचं असेल, भाषा येत असेल किंवा शिकायची तयारी असेल, तर मात्र यासारखं शिक्षण नाही.

मूठभर गहू-वाटाणा

दार कुठलंही असो, काम साखळीच्या कुठल्या कडीवर आहे हे का बघायचं, त्याचं एक उदाहरण देते. तूर-सोयाबीन, ज्वारी-तूर हे आपल्याकडे आजोबांपासून. युरोपात शेती यंत्रावर आणि एकपिकावर गेल्यानंतर आंतरपीक जवळजवळ विसरलं गेलं, आणि 'रेमिक्स', 'डायव्हरइम्पॅक्ट्स' अशा प्रकल्पांनी २०१७ पासून ते पुन्हा तपासायला घेतलं. डायव्हरइम्पॅक्ट्समध्ये पिकांच्या विविधतेची २५ उदाहरणं अभ्यासली.

गहू आणि वाटाणा एकत्र पेरला की नत्र कमी लागतं, तण दबतं, हे शेतात दिसतं. अडतं ते पुढे. आपल्याकडे तूर नंतर काढतात, ओळी वेगळ्या असतात. तिथे कंबाईन एकाच फेरीत दोन्ही झोडपतं आणि टाकीत गहू-वाटाणा एकत्र पडतो. मूठभर घेऊन चाळणीवर टाकला तर अख्खा वाटाणा वर राहतो आणि गहू खाली जातो. पण फुटलेला वाटाणा गव्हाच्या मापाचा असतो, तो गव्हाबरोबरच खाली जातो. गिरणीवाल्याला तो नको, त्याला शुद्ध गहू हवा. चाळणीचा खर्च कोण करणार? तेव्हा वाण, नत्र, तण यांवर शोधनिबंध निघत राहतात आणि शेतकरी दुसऱ्या वर्षी पुन्हा नुसता गहू पेरतो, कारण अडचण शेतात नव्हतीच, ती खरेदीदाराच्या दारात होती.

म्हणून पुरवठा साखळीत रस असलेल्यानं 'साखळी' हा शब्द नुसता शीर्षकात आहे की भागीदारांच्या यादीत गिरणी, सोसायटी, मंडई, शाळेचं स्वयंपाकघर असं कोणी पैसे घेऊन बसलंय, ते बघावं. ते बघता येतं. कॉर्डिस या युनियनच्या उघड्या साईटवर प्रकल्पाचं नाव टाका. प्रत्येक भागीदार आणि त्याच्या वाट्याचा निधी तिथे दिसतो. वीस भागीदारांत शेतकरी संघटनेला सगळ्यात लहान रक्कम असेल, तर तिचं काम बहुधा पत्रकं वाटण्याचं आहे. तुमच्या होऊ घातलेल्या संस्थेचाही आकडा बघा.

आता माझा कौल. प्राध्यापकी हवी असेल आणि ३६ महिन्यांचा, राहण्याचा हिशोब बसत असेल तर मारी क्युरी. धोरण, बाजार, देशादेशांची तुलना यात जीव रमत असेल तर हॉरायझन, पण नेमकं वर्क पॅकेज कळल्यावरच. पाणी आणि कोरडवाहू असेल तर प्रिमा, सेक्शन बघून. दोन ऑफर तोलामोलाच्या वाटल्या तर प्रकल्पाचं नाव झाका आणि भावी मार्गदर्शकाला एकच विचारा: "पहिल्या वर्षात मी शेतावर, मंडईत किंवा कारखान्यात किती दिवस असेन?" आकडा सांगणाऱ्याकडे जा.

जाता जाता, नाशिक-सांगलीकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचेही फोन येतात: आम्हाला या प्रकल्पांत घुसता येईल का? भारतीय संस्थेला भाग घेता येतो, पण हॉरायझनचा पैसा आपोआप मिळत नाही, खर्च बहुतेकदा स्वतःचाच करावा लागतो. भारतीय माणसाला मात्र ही आडकाठी नाही. पगार देणारी संस्था कुठली ते बघतात, पासपोर्ट नाही. तेव्हा कंपनीनं स्वतः अर्जाच्या भानगडीत पडण्यापेक्षा गावातली जी मुलगी तिकडे शिकतेय, तिचं दुसऱ्या संस्थेतलं तीन महिन्यांचं वास्तव्य आपल्या पॅकहाऊसमध्ये करता येतं का, हे तिच्या मार्गदर्शकाला विचारावं. द्राक्षांच्या छाटणीचं वेळापत्रक पत्रासोबत जोडा, म्हणजे ते लोक ऐन पावसाळ्यात यायचे नाहीत.