हाताच्या कामासाठी पातळ स्कॅनर : वर्षभराच्या वापरानंतर

ज्या सपाट आणि झोळीत मावेल एवढ्या स्कॅनरविषयी मी लिहीत आहे, त्याची प्राथमिक माहिती येथे सविस्तर देत नाही. ए-फोर आकार, ४८०० डीपीआय (म्हणजे एका इंचात टिपले जाणारे बिंदू) आणि एकाच यूएसबी तारेवर चालणारे यंत्र, एवढे सांगितले की पुरे. हमीचा काळ संपायला थोडेच दिवस उरले असताना माझ्या प्रत्येक स्कॅनमध्ये एक बारीक उजळ रेघ उमटू लागली आणि तिच्यावरून सेवा केंद्राशी वाद झाला, म्हणून हे लिहायला घेतले. पण रेघेकडे वळण्यापूर्वी या यंत्राच्या मूळ दोषाविषयी लिहायला हवे, कारण माझ्या दृष्टीने तो रेघेपेक्षा कितीतरी मोठा आहे.

मी मुखपृष्ठे, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांसाठी रेखाटने करते. काम संगणकावर पूर्ण होते, पण सुरुवात जवळजवळ नेहमी हाताने होते. बोरूने लिहिलेले शीर्षक, लिनोवर कोरून घेतलेला ठसा, भेंडी कापून उमटवलेली फुले, जलरंगाचा एखादा ओघळ, खणाच्या कापडाचा तुकडा, जीर्ण गोधडीवरचा धावदोरा, असे काही ना काही रोज काचेवर ठेवले जाते. कार्यालयातली कागदपत्रे स्कॅन करणाऱ्याने या यंत्राची स्तुती केली तर ती खरीच असेल, पण त्या स्तुतीचा मला उपयोग नाही.

तो दोष असा की या स्कॅनरला खोली नाही. काचेला जे चिकटले आहे तेवढेच त्याला स्पष्ट दिसते, आणि काचेपासून एक-दोन मिलिमीटर वर गेलेली प्रत्येक गोष्ट धूसर होते. या जातीच्या पातळ यंत्रांत पानाच्या रुंदीएवढी संवेदक-पट्टी (प्रकाश टिपणारा सेन्सर) काचेला जवळजवळ लागून सरकते आणि तिच्यावर सूक्ष्म भिंगांची एक रांग असते, जी फक्त अगदी जवळचे पाहू शकते. जुन्या, जाडजूड सीसीडी (दुसऱ्या जातीचा सेन्सर असलेल्या) स्कॅनरमध्ये आरसे आणि खरे भिंग असल्यामुळे काचेपासून काही मिलिमीटर उचललेली वस्तूही बऱ्यापैकी स्पष्ट येते. दुकानात यंत्र विकत घेताना हा फरक कोणी सांगत नाही. तिथे फक्त डीपीआयचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो, जणू तो मोठा असला की बाकी सगळे आपोआप नीट होते.

सपाट कागदावर हा दोष कळत नाही, म्हणून पहिले काही आठवडे मी खूश होते. मग पुण्याच्या शिवाजीनगरातल्या हातकागद संस्थेचा जाड, सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला कागद वापरायला घेतला. या कागदाच्या कडा कापलेल्या नसतात आणि तो क्वचितच पूर्ण सपाट बसतो. एक कोपरा जरा उचललेला असला की त्या कोपऱ्यातल्या अक्षराच्या वेलांटीची कड पसरट येते आणि बाकीचे अक्षर धारदार राहते. झाकणावर शब्दकोशाचे दोन जाड खंड ठेवून कागद दाबला तर बरेच काम भागते, पण गोधडीच्या बाबतीत तेही निरुपयोगी ठरते. टाके कापडाच्या घडीत रुतलेले असतात, आणि दाबून कापड सपाट केले तर ज्यासाठी ते स्कॅन करायचे तो उठावच नाहीसा होतो. खणाच्या कापडाचेही तेच झाले. काठ स्पष्ट आला, मधली वीण मात्र कुठे धारदार, कुठे पुसट अशी आली.

या एका मुद्द्यावर मी इतके लिहीत आहे, कारण हस्तकलेचे नमुने संगणकात आणणाऱ्यासाठी तोच निर्णायक आहे. यंत्राचा वेग, झाकणाची बिजागरी, सोबतच्या सॉफ्टवेअरचा ओबडधोबडपणा, हे सर्व सहन होते. बिजागरी तर उलट चांगली आहे. ती उचलली जाते, त्यामुळे जाड वहीसुद्धा काचेवर बसते.

रंगांबद्दल माझे मत मध्येच बदलले. या यंत्रात लाल, हिरवे आणि निळे असे तीन एलईडी एकामागून एक लागतात, आणि त्यांच्या उजेडाची रंगपट्टी अरुंद असते. त्यामुळे पोस्टर कलरचा झगझगीत राणी रंग स्कॅनमध्ये मळकट दिसतो, आणि जलरंगाचा अगदी फिका थर कागदाच्या पांढऱ्यात विरून जातो. सुरुवातीला याचा दोष मी यंत्राला देत होते. पुढे लक्षात आले की फिका थर घालवणारे बरेचसे पाप सॉफ्टवेअरमधल्या आपोआप होणाऱ्या उजळपणाच्या दुरुस्तीचे आहे. ती बंद केली, प्रत्येक रंगासाठी ८ ऐवजी १६ बिट, म्हणजे छटांच्या अधिक बारीक पायऱ्या, निवडले, आणि पाण्याच्या हलक्या कडा परत दिसू लागल्या. फाइल मात्र दुप्पट होते. ए-फोरचे पान ६०० डीपीआयने घेतले तर ४९६० गुणिले ७०१६ बिंदू होतात, म्हणजे ८ बिटमध्ये सुमारे १०४ एमबी आणि १६ बिटमध्ये सुमारे २०८ एमबी. छपाईला ३०० डीपीआय पुरते, त्यामुळे मूळ आकारात छापायचे असेल तर ६०० ची गरज नाही. दुप्पट मोठे करायचे असेल तेव्हाच ती लागते. बोरूची अक्षरे मात्र मी १२०० वर, करड्या रंगात घेते, कारण शाई जिथे कागदात किंचित पसरते ती कड गुळगुळीत झाली तर हाताने लिहिण्यात अर्थ राहत नाही. ४८०० चा आकडा मी एकदाही वापरलेला नाही.

राणी रंगाचे मात्र काहीही करता आले नाही. तो मूळ कागदाशेजारी ठेवून डोळ्यांनी जुळवावा लागतो.

कागदाच्या पोताविषयीचा अनुभव सर्वांत अनपेक्षित होता. यंत्राचा उजेड एकाच बाजूने येतो, त्यामुळे खडबडीत कागदाच्या प्रत्येक उंचवट्यापलीकडे बारीक सावली पडते. जलरंगाचे चित्र हवे असेल तेव्हा ही सावली त्रास देते, कारण आकाशाचा सपाट भाग वाळू उधळल्यासारखा दिसतो. यावर उपाय असा की तोच कागद एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून, म्हणजे १८० अंशांनी वळवून, असा दोनदा स्कॅन करायचा, दुसरी प्रत संगणकावर परत सरळ करायची आणि दोन्ही प्रती एकमेकींवर ठेवून वरची प्रत ५० टक्के पारदर्शक करायची. दोन बाजूंच्या सावल्या एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. प्रती तंतोतंत जुळण्यासाठी कागदाच्या चार कोपऱ्यांत पेन्सिलीने बारीक फुल्या मारून ठेवाव्यात, नंतर त्या कापून टाकता येतात. आणि ज्या दिवशी मला पोतच हवा असतो, त्या दिवशी हीच एका बाजूची सावली उपकारक ठरते. हातकागदाचा रिकामा ताव स्कॅन करून मी पत्रिकांच्या पार्श्वभूमीसाठी जे पोत तयार केले, ते मोबाईलच्या छायाचित्रातून कधीच इतके चांगले आले नव्हते. ज्या दोषाला मी शिव्या घालत होते, त्याच्यावर आता माझी काही गिऱ्हाइके उभी आहेत.

आता रेघ. ती पानाच्या लांबीभर, एकाच जागी, केसाएवढी उमटत असे. विशेष म्हणजे पांढऱ्या कागदावर ती दिसत नसे. लिनोच्या ठशातल्या गडद काळ्या भागातून ती उजळ होऊन जाई. सेवा केंद्रातल्या माणसाने समोरच पडलेली एक पावती काचेवर ठेवली, स्कॅन केली आणि म्हणाला, ‘मॅडम, मशीन ओके आहे.’ मी पिशवीतून काळा कार्डपेपर काढून दिला, तेव्हा रेघ पडद्यावर आली. मग तो म्हणाला की सेन्सर गेला आहे, आणि आत धूळ गेल्यामुळे गेला आहे, म्हणून तो हमीत बसत नाही. बदलण्याचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळपास सांगितला.

असे खर्च ऐकून मी सहज मान डोलवत नाही. मी त्यांना एवढेच म्हटले की दोनपैकी एक गोष्ट लिहून द्यावी. सेन्सर खराब असेल तर तो यंत्राचा भाग आहे आणि हमी चालू आहे, म्हणून तो विनामूल्य बदलावा. धूळच असेल तर सेन्सर खराब नाही, म्हणून धूळ पुसावी. तिसरी शक्यता कोणाला सुचली नाही. बराच वेळ आतल्या खोलीत चर्चा झाली आणि यंत्र ठेवून जायला सांगितले.

प्रत्यक्षात कारण अगदी क्षुल्लक होते. स्कॅन सुरू होण्यापूर्वी संवेदक-पट्टी काचेच्या कडेखाली लपलेली एक पांढरी पट्टी वाचते आणि पांढरा म्हणजे किती पांढरा, हे स्वतःवरच्या प्रत्येक बिंदूसाठी ठरवते. त्या पांढऱ्या पट्टीवर एक कण बसला, तर त्याच्यासमोरच्या बिंदूला वाटते की आपल्याला कमी दिसते, आणि तो पानभर सगळेच जास्त उजळ करून दाखवतो. हातकागदाच्या सुती तंतूचा एखादा तुकडा काच आणि चौकटीमधल्या फटीतून आत गेला होता. चौकट उघडून पांढरी पट्टी पुसली आणि रेघ गेली. पावतीवर ‘सफाई’ असे लिहिले होते, आणि तपासणीशुल्क मात्र आकारले होते. ते मी निषेध नोंदवून भरले. रक्कम लहान होती, पण ज्या तपासणीत कारण चुकीचे सांगितले, तिचे पैसे का द्यावेत, हे मला अजून समजलेले नाही.

त्यानंतर मी काही पथ्ये पाळते. कागद काचेवर ठेवण्यापूर्वी मऊ ब्रशने त्याच्या कडा झटकते. लिनोच्या तेलशाईचा ठसा पूर्ण वाळेपर्यंत काचेजवळ आणत नाही, मग त्याला आठवडा लागो. काचेवर द्रव थेट फवारत नाही, कारण तो कडेतून आत उतरतो. कापड किंचित ओले करून पुसते. कापडाचा नमुना हाताने दाबून धरत नाही, कारण तीन रंग एकामागून एक वाचले जातात आणि हात जरा हलला की कडांना रंगीत किनार येते.

माझे मत असे की सपाट कागदावर काम करणाऱ्या, म्हणजे शाई, पेन्सिल, ठसे, सुलेखन यांत रमणाऱ्या कलाकाराने हे यंत्र अवश्य घ्यावे, कारण सीसीडी भिंगाच्या छायाचित्र-स्कॅनरच्या किमतीत अशी तीन-चार येतील. ज्यांना कापड, भरतकाम, वाळलेली पाने, कोलाज किंवा उठावाचे कागदकाम आणायचे आहे, त्यांनी या यंत्रावर पैसे घालवू नयेत. अशा वस्तू मी आता खिडकीजवळ टेबलावर ठेवून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे लावून, तिपाईवरच्या कॅमेऱ्याने घेते. त्यात वेळ जातो, भिंगाच्या कडेला सरळ रेषा किंचित वाकतात आणि त्या नंतर सुधाराव्या लागतात, पण टाका टाक्यासारखा दिसतो. जुना सीसीडी स्कॅनर, चालू स्थितीतला, वाजवी किमतीत कोणी विकत असेल तर मी बघायला तयार आहे, मात्र आधी त्यावर माझा काळा कार्डपेपर ठेवून पाहीन.