एंगेलझ्यूस: नेच्याचा गोड चुरा

जर्मनीत वनौषधींच्या दुकानात ‘एंगेलझ्यूस’ म्हणून मिळतो तो पॉलिपोडियम वल्गेर या नेच्याच्या वाळवलेल्या खोडाचा चुरा. गोडी ऑस्लाडिनची. हे स्टेरॉइड सॅपोनिन (पाण्यात फेस आणणारं वनस्पतीतलं संयुग) साखरेच्या सुमारे ५०० पट गोड आहे, पण चुऱ्यात जेमतेम ०.०३ टक्के! म्हणजे २ ग्रॅम चुऱ्यात फक्त ०.३ ग्रॅम साखरेइतकी गोडी. शिवाय मागून कडू-तुरट चव येतेच. साखरेऐवजी घेणार असाल तर पैसे वाया.

काढ्यासाठी ठीक: एक चमचा चुरा, १५० मिली गार पाणी, उकळी आल्यावर ५ मिनिटं, मग लगेच गाळा, जास्त उकळलात की तुरटपणा काढ्यात उतरतो.

यात एक्डिस्टेरॉनही असतं, कीटकांना कात टाकायला लावणारं स्टेरॉइड. २०२० पासून ते ‘वाडा’ (WADA) या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निरीक्षण यादीत आहे, म्हणजे बंदी नाही, पण वापरावर नजर आहे. खेळाडूंनी हे ध्यानात ठेवावं.