पीएचपीस्टॅन: डिक्लेअर न केलेल्या प्रॉपर्टीज शोधायला जबरदस्त टूल

जुना पीएचपी कोड ८.२ किंवा पुढच्या व्हर्जनवर न्यायचा असेल ना, तर आधी पीएचपीस्टॅन (पीएचपी कोडमधल्या चुका शोधणारं टूल) टाका आणि मग बाकीचं बघा. डिसेंबर २०२२ मध्ये ८.२ आलं तेव्हापासून क्लासमध्ये डिक्लेअर न केलेल्या प्रॉपर्टीत (म्हणजे ऑब्जेक्टच्या व्हेरिएबलमध्ये) व्हॅल्यू टाकली की डेप्रिकेटेड (पुढे बंद होणार) म्हणून मेसेज येतो, पण तो ती ओळ खरंच रन झाली तरच येतो, म्हणजे वर्षअखेरीला चालणारा एखादा रिपोर्ट असेल तर तोपर्यंत कुणाला पत्ताच नाही. हे टूल कोड न चालवता नुसता वाचून सांगतं की बाबा ही प्रॉपर्टी ह्या क्लासमध्ये नाहीच आहे.

सगळ्यात भारी काय तर स्पेलिंग. स्टेटसच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं की जुनं पीएचपी गुपचूप नवीन प्रॉपर्टी बनवायचं, खऱ्या स्टेटसमध्ये जुनीच व्हॅल्यू राहायची आणि डेटाबेसमध्ये तीच सेव्ह व्हायची, एरर वगैरे काही नाही! असलं 'धिस'वरचं (क्लासच्या आत त्याच ऑब्जेक्टवरचं) सगळं लेव्हल ० लाच, म्हणजे तपासणीच्या सगळ्यात सौम्य पायरीलाच, पकडलं जातं, बाकीच्या ऑब्जेक्ट्ससाठी लेव्हल २ लावा.

लेव्हल ६ ला ते प्रॉपर्टीचा टाइपसुद्धा (त्यात कुठल्या प्रकारची व्हॅल्यू बसेल ते) मागतं, तिथे जरा दमाने घ्या. टाइप नसलेली प्रॉपर्टी सुरुवातीला नल (रिकामी) असते, पण ७.४ पासून मिळालेला टाइप लावला आणि डिफॉल्ट दिला नाही तर व्हॅल्यू भरायच्या आधी वाचली की सरळ एरर फुटते, म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) काय भरलं जातंय ते बघूनच टाइप लावा.

खटकतं ते बेसलाइन, म्हणजे आत्ताच्या एररची यादी करून त्या पुढे न दाखवण्याची सोय. सोय चांगली आहे, पण एका कमांडमध्ये जुन्या सगळ्या एरर झाकल्या जातात आणि मग त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. प्रॉपर्टीवाल्या एरर तरी त्यात टाकू नका प्लीज. तसंच बेस क्लासवर अलाउ-डायनॅमिक-प्रॉपर्टीज हे (डिक्लेअर न केलेल्या प्रॉपर्टीज चालू देणारं) अ‍ॅट्रिब्यूट चिकटवून मोकळं होऊ नका, ते खालच्या सगळ्या चाइल्ड क्लासेसनाही लागू होतं आणि खऱ्या चुका परत लपतात.

लाराव्हेल हे पीएचपी फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी सोबत लारास्टॅन (त्यासाठीचं पीएचपीस्टॅनचं एक्स्टेंशन) घ्या, नाहीतर मॉडेलच्या मॅजिक प्रॉपर्टीजवर (ज्या क्लासमध्ये लिहिलेल्या नसतात, चालताना मिळतात) उगाच एररचा पाऊस पडतो. टूल फुकट आणि ओपन सोर्स आहे, फक्त मोठ्या प्रोजेक्टला मेमरी लिमिट वाढवून चालवा.