हाय व्होल्टेजचा रेडीमेड चोक: वाइंडिंग भारी, पॉटिंग बेकार

स्विचिंग सप्लायच्या हाय व्होल्टेज डीसी आउटपुटवरचा नॉइज मारायला हा चोक (डीसी जाऊ देणारी पण हाय फ्रिक्वेन्सीचा नॉइज अडवणारी कॉइल) घेतला, 1 मिलिहेन्रीचा (हे कॉइलच्या इंडक्टन्सचं माप), फेराइट रॉडवाला. वस्तू चांगलीये पण लेबलवरच्या मिलिहेन्रीला भुलू नका. वेढ्यावेढ्यांमधली कपॅसिटन्स नुसती 10 पिकोफॅरड धरली तरी 1 मिलिहेन्रीचा चोक 1.6 मेगाहर्ट्झच्या आसपास रेझोनन्सला जातो (तिथे कॉइलची इंडक्टन्स आणि ही कपॅसिटन्स बरोबरीला येतात), तिथे इम्पिडन्स, म्हणजे एसीला होणारा अडथळा, मस्त चढतो, पण त्याच्या वर गेलात की चोक कसला, कपॅसिटरच तो, वरचा सगळा नॉइज आरामात पलीकडे! आणि डेटाशीटमधे नेमका हाच रेझोनन्सचा आकडा दिलेला नाही, म्हणजे कमाल आहे.

तरी वाइंडिंगला पूर्ण मार्क. एकसलग न गुंडाळता वेगवेगळ्या सेक्शनमधे गुंडाळलंय, त्याने कपॅसिटन्स तर कमी होतेच पण पहिला आणि शेवटचा वेढा शेजारी येत नाहीत, हाय व्होल्टेजला खरी गंमत इथेच आहे. एरवी डीसीवर चोकच्या दोन टोकांत व्होल्टेज जवळपास काहीच नसतं म्हणून लोक इन्सुलेशनकडे बघत नाहीत, पण आउटपुटला स्पार्क पडला की अख्खं व्होल्टेज क्षणभर चोकवरच येतं आणि साध्या वाइंडिंगच्या तारेवरचं इनॅमल (इन्सुलेशनचा पातळ थर) तिथेच फुटतं. रॉड असल्यामुळे टोरॉइडसारखा (बंद रिंगच्या कोरसारखा) डीसी करंटने पटकन सॅच्युरेट होत नाही, म्हणजे कोर चुंबकीयदृष्ट्या भरून इंडक्टन्स पडत नाही, हे पण बरं (मात्र रॉडचं फील्ड बाहेर पसरतं, फीडबॅकची वायर लांब ठेवा).

आता रडगाणं. पॉटिंगमधे (चोकभोवती ओतलेल्या इपॉक्सी रेझिनमधे) बुडबुडे आहेत, रेझिन पारदर्शक म्हणून दिसले तरी, काळं असतं तर कळलंही नसतं. बुडबुड्यातल्या हवेवर इपॉक्सीपेक्षा जास्त फील्ड पडतं आणि हवा त्यामानाने लवकर ब्रेकडाउन होते, मग आत बारीक बारीक डिस्चार्ज सुरू, इन्सुलेशन हळूहळू खाल्लं जातं आणि वर हा डिस्चार्ज स्वतःच हाय फ्रिक्वेन्सीचा नॉइज करतो. नॉइज मारायला आणलेला चोकच नॉइज करणार! व्हॅक्यूममधे पॉटिंग केलं असतं तर हे टळलं असतं. टोकांना सोल्डरचे काटे पण तसेच सोडलेत, कोरोनाला (टोकदार जागी हवेत होणाऱ्या डिस्चार्जला) आमंत्रणच, ते गोल करून घ्या.

पाचपैकी तीन स्टार. शे-दोनशे व्होल्टला बिनधास्त वापरा, किलोव्होल्टमधे जायचं असेल तर बुडबुडे नसलेला पीस निवडून घ्या नाहीतर परत करा.