राष्ट्राध्यक्षांचे परराष्ट्र अधिकार : औरंगपुऱ्यातल्या नोट्स घ्याव्यात का?

राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यात अमेरिका आणि भारत यांच्या राष्ट्रप्रमुखांच्या परराष्ट्र अधिकारांवरच्या या नोट्स हातोहात खपताहेत. ६४ पानं, पाठपोट छपाई, स्पायरल बाइंडिंग, १२० रुपये. अमेरिकेच्या भागासाठी जरूर घ्या. भारताचा भाग मात्र तपासल्याशिवाय पाठ करू नका.

पैसे वसूल होतात ते १९७३ च्या 'वॉर पॉवर्स रिझोल्यूशन'वरच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या युद्धाधिकाराला लगाम घालणाऱ्या अमेरिकी कायद्यावरच्या, चार पानांत. राष्ट्राध्यक्षांनी सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, लेखी कळवायचं. मंजुरी मिळाली नाही तर ६० दिवसांत थांबायचं, सैन्य सुखरूप काढून घ्यायला फार तर आणखी ३० दिवस. हे सगळं एका आडव्या रेघेवर दिवस मांडून दाखवलंय, त्यामुळे पक्कं लक्षात राहतं. कायदा कुठे लंगडा पडतो, तेही सांगितलंय. राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवायच्या ठरावाने सैन्य परत बोलावण्याची वाट अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८३ च्या चढ्ढा निकालानंतर जवळपास बंद झाली. आता ठराव सहीसाठी जातो, नकाराधिकार वापरला गेला की दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं जमवावी लागतात. २०१९ मध्ये येमेन युद्धातला अमेरिकेचा सहभाग थांबवण्याच्या ठरावाचं घोडं इथेच अडलं. २०११ मध्ये लिबियात ६० दिवस उलटले, तेव्हा ओबामा प्रशासनाने ही कारवाई कायद्यातल्या 'लढाई'च्या व्याख्येत बसतच नाही, असा पवित्रा घेतला. उत्तरात ही दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

तहाच्या प्रकरणात दोन चुका आहेत, दोन्ही गुण घालवणाऱ्या. 'सिनेट (काँग्रेसचं वरिष्ठ सभागृह) तहाला अनुसमर्थन देते', म्हणजे अंतिम मान्यता देऊन तह पक्का करते, असं छापलंय. सिनेट फक्त संमती देते, अनुसमर्थन राष्ट्राध्यक्षच करतात. दुसरं, दोन तृतीयांश बहुमत हजर सदस्यांचं लागतं. शंभर हजर असतील तर ६७, नव्वद असतील तर ६०. नोट्समध्ये सरसकट ६७ आहे.

भारताचा भाग नऊच पानांचा आणि घाईत उरकलेला. अनुच्छेद ५३, ७४, ७७ आणि २५३ नीट दिलेत. पण राष्ट्रपतींच्या अधिकाराचं उदाहरण म्हणून हैदराबादची १९४८ ची पोलीस कारवाई दिलीय! तेव्हा राज्यघटनाच लागू नव्हती, राष्ट्रपतिपद नव्हतं. राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते आणि निर्णय नेहरू-पटेलांच्या मंत्रिमंडळाचा होता. दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा करणाऱ्या मराठवाड्यातल्या नोट्समध्ये ही चूक माफ होण्यासारखी नाही.

बेरुबारी (पाकिस्तानला द्यायचा ठरलेला पश्चिम बंगालमधला भाग) आणि कच्छ (पाकिस्तानशी सीमावाद) या दोन प्रकरणांचीही सरमिसळ झालीय. भारताचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते, म्हणून बेरुबारीसाठी १९६० मध्ये नववी दुरुस्ती झाली. कच्छमध्ये वादातली सीमा ठरवायची होती, तिथे दुरुस्तीची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सांगितलं. समासात हा फरक स्वतः लिहून ठेवा. दोन्ही देशांसाठी 'अध्यक्ष' हा एकच शब्द वापरलाय, तोही बदलून अमेरिकेसाठी राष्ट्राध्यक्ष आणि भारतासाठी राष्ट्रपती असं करा.

विकत घेताना पान ३८ उघडून बघा. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कोरिया युद्धाच्या काळात पोलाद कारखाने ताब्यात घेतले, ते १९५२ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं. त्या निकालातला न्यायमूर्ती जॅक्सन यांचा तीन रकान्यांचा तक्ता तिथे आहे : काँग्रेसची साथ, काँग्रेस गप्प, काँग्रेसचा विरोध. बऱ्याच प्रतींत तिसरा रकाना फिका उमटलाय, आणि मर्यादांवरच्या प्रश्नाला नेमका तोच लागतो. वाचता येत नसेल तर तिथल्या तिथे प्रत बदलून मागा.